सॉल्टहेवनचं मत

टेंटरफील्ड, क्लेगवर्थ
८ फेब्रुवारी १९७१

तर तो गोल ऑफसाइड नव्हताच, क्लिफमामा. मागच्या पत्रात कागद संपला म्हणून अर्ध्यावर थांबले, पण मी अगदी रेषेत उभी होते आणि मला स्वच्छ दिसलं. लाइन्समनने झेंडा वर केला तेव्हा आजोबा त्याला म्हणाले, "बाळ, तो झेंडा घरी घेऊन जा, तुझ्या आईला टेबल पुसायला होईल." तो पण हसला. गोल काही मिळाला नाही. हरलो, एक-शून्य.

आता आपण चौथ्या डिव्हिजनमध्ये खालून दुसरे आहोत. आई म्हणते क्लिफला आकडे लिहीत जाऊ नकोस, तो दिवसभर तेच करतो. पण मी काय करू, क्लबच्या ऑफिसात टायपिंगला लागल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहतच नाही. कपाटात १८८४ पासूनच्या मिटिंगांच्या वह्या आहेत. गिरणीतल्या विणकरांनी क्लब काढला तेव्हा टेंटरफील्डवर कापड वाळत घालायचे, म्हणून मॅच फक्त कापड काढल्यावर, असा पहिला नियम आहे. १९३४ ला कपमध्ये पहिल्या डिव्हिजनच्या टीमला हरवलं तेव्हा एकोणीस हजार माणसं होती, त्यातली कितीतरी गिरणीच्या छपरावर. परवा तेराशे होती. आणि तुझंही नाव सापडलं. १९४९, डावा हाफ, सी. ॲस्पिनल, "उत्साही पण हळू." मी जोरात हसले तर आजोबा म्हणाले, हळू नव्हता, विचार करायचा.

खरी गोष्ट आता. आपण या वर्षी पुन्हा शेवटच्या चारांत येणार, सगळ्यांना दिसतंय. आईला ही भानगड अजून कळत नाही, तिला मी असं समजावलं: शेवटच्या चार क्लबांना जूनमध्ये लंडनला जाऊन हात जोडायचे, की आम्हाला लीगमध्ये राहू द्या. बाहेरचे चार-पाच क्लब टपलेलेच असतात. मग वरच्या दोन डिव्हिजनच्या चव्वेचाळीस क्लबांना प्रत्येकी एक चिठ्ठी, खालच्या सगळ्यांना मिळून चार. चिठ्ठीवर चार फुल्या मारायच्या. ज्यांना जास्त फुल्या ते आत, बाकीचे बाहेर. आई म्हणाली, म्हणजे ज्यांच्याशी खेळतच नाही ते ठरवणार? मी म्हटलं, हो.

आपण तीनदा वाचलोय. या वेळी बाहेर ब्रॉक्सफर्ड आहे. नवीन शहर, नवीन स्टँड, दारात हायवे.

आणि चव्वेचाळीसपैकी एक चिठ्ठी सॉल्टहेवन युनायटेडची. तिथला सेक्रेटरी माझा मामा आहे हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तुझी,
लोरेन

—

सॉल्टहेवन
१५ फेब्रुवारी १९७१

प्रिय लोरेन,

ऑफसाइड होता. तू रेषेत उभी होतीस असं प्रत्येक क्लेगवर्थवाला जन्मापासून म्हणत आलाय.

वह्यांबद्दल लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. "हळू" हे बरोबर आहे. बाबा उगाच सांभाळून घेतायत, जे त्यांनी मी खेळत होतो तेव्हा कधी केलं नाही.

ऑफिसात माझ्या नावाने फार फुशारकी मारू नकोस. मत चेअरमन देतात. आमचे पेरॉटसाहेब भले आहेत, पण त्यांच्या मनात काय असतं ते त्यांच्या बायकोलाही माहीत नसतं. मी फक्त कागद सांभाळतो.

तू चार पानं लिहिलीस आणि त्यात बाबांच्या छातीबद्दल एक शब्द नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांना घरातून कोपऱ्यापर्यंत जाताना दोनदा थांबावं लागायचं. गिरणीतल्या कापसाने छाती भरलेली आहे, वय त्र्याहत्तर, आणि अजून ते मैदान राखायला, जमीन टोचायचा काटा घेऊन उतरतात का? मला खरं लिही. फ्रेडाला विचारलं तर ती म्हणते, "ठीक आहेत." माझी बहीण घराला आग लागली तरी "ठीक आहे" लिहील.

तुझा,
क्लिफ

—

टेंटरफील्ड
९ मार्च १९७१

क्लिफमामा,

हे पत्र आईला न सांगता लिहितेय. तू खरं लिही म्हणालास म्हणून.

शनिवारी आजोबा मैदानावर पडले. आदल्या दिवशी ओढ्याचं पाणी पुन्हा आत आलं होतं, आणि वर थंडीने सगळं कडक झालेलं. रेफरी दहा वाजता बघायला येणार होता. मॅच रद्द झाली असती तर पुढच्या आठवड्यात तीन मॅच आल्या असत्या आणि आपल्याकडे धड अकरा माणसं नाहीत. म्हणून आजोबा पहाटेच उतरले, एकटे. काटा मारायचा, पाणी वर आलं की फडक्याने टिपायचं, बादलीत पिळायचं, पुढे सरकायचं. मी आठ वाजता आले तेव्हा उत्तरेकडच्या गोलसमोर बादली उभी होती आणि ते तिच्या बाजूला आडवे. ओठ निळे झाले होते, मामा. मला वाटलं गेले.

मी हाक मारली तर डोळे उघडून म्हणाले, "सहा यार्ड राहिलंय."

डॉक्टर म्हणाला, हे काम सोडा नाहीतर पुढचा ख्रिसमस बघणार नाही. आजोबांनी त्याला विचारलं, "तू कुठल्या टीमचा?" तो बिचारा नवीन आहे, खरं सांगून बसला. शेजारच्या गावाचा निघाला. आजोबा म्हणाले, मग तू असं म्हणणारच. मग मला म्हणाले, "आपला व्हिक्टोरिया क्लब लीगमध्ये आहे तोवर मी ते मैदान सोडणार नाही. एक्केचाळीस वर्षांत तिथे एक मॅच माझ्यामुळे रद्द झालेली नाही." मॅच झाली. आपण जिंकलो, दोन-एक. सहा यार्ड मी पुसलं.

हे सगळं मी मुद्दाम लिहितेय हे तुला कळलं असेलच. पेरॉटसाहेबांना वाचून दाखव. त्यांना कळू दे इथे एक म्हातारा माणूस जीव टाकतोय. ब्रॉक्सफर्डच्या नव्या स्टँडसाठी कोणी असं पडेल का? हे वाचून ज्याला पाझर फुटणार नाही तो माणूसच नाही.

आणि आमच्या चेअरमनसाहेबांनी, हॉल्ड्सवर्थांनी, या वर्षीही स्लीपर काढल्या आहेत. तुला आठवतं ना? मत मागायची वेळ आली की त्यांच्या कारखान्यातून प्रत्येक चेअरमनला एक जोड. चव्वेचाळीस क्लबांना पायाचं माप विचारणारी पत्रं मीच टाइप केली. एका मोठ्या क्लबाने उत्तर दिलं, "आमच्या चेअरमनना एकच पाय आहे, तरी दोन्ही पाठवा." आजोबांना हे आवडत नाही. म्हणतात, आपण खेळून राहावं, लोकांच्या पायाशी बसून नाही. पण पेरॉटसाहेबांचं माप कळव.

लोरेन

—

सॉल्टहेवन
१५ मार्च १९७१

प्रिय बाबा,

तुम्ही पडलात हे कळलं. कोणी सांगितलं ते विचारू नका.

इथे या. मागची खोली रिकामी आहे, खिडकीतून समुद्र दिसतो आणि हवा छातीला चांगली आहे. शनिवारी तुम्हाला आमच्या डायरेक्टरांच्या रांगेत बसवीन, पांघरूण देईन. आमच्या मैदानावर तीन माणसं कामाला आहेत, त्यांना चुका दाखवत बसा. नाहीतर निदान काटा खाली ठेवा. बावीस वर्षांच्या दोन पोरांना लावा ना कामाला.

मी विनंती करतोय. मी फार वेळा करत नाही.

क्लिफर्ड

—

क्लेगवर्थ
२० मार्च

क्लिफर्ड,

पत्र मिळालं. समुद्र मी पाहिलाय, १९२६ साली. ठीक होता.

बावीस वर्षांची पोरं लावली होती. त्यांनी ओल्यात रोलर फिरवला. आता मधल्या वर्तुळात बदकं बसतात.

तुझं मैदान मी टीव्हीवर पाहिलं. डाव्या कॉर्नरला गवत पिवळं आहे, त्या तिघांना सांग चुना जास्त झालाय.

मी कुठे येत नाही. एप्रिलमध्ये पाच मॅच घरी आहेत.

तुझा बाप,
इ. ॲस्पिनल

—

टेंटरफील्ड
३ मे १९७१

क्लिफमामा,

संपला सीझन. शेवटून दुसरे. शेवटची मॅच शून्य-शून्य, आणि शिट्टी वाजल्यावर लोक घरीच जाईनात. तसेच उभे, जणू अजून काही होणार आहे. माझ्याजवळच्या मिसेस क्रॉम्प्टन, ज्या पन्नास वर्षं रेफरीला शिव्या देत आल्यात, त्या म्हणाल्या, "आज तो बरा होता गं." तेव्हा मला भीती वाटली.

५ जूनला लंडनला मतदान. हॉल्ड्सवर्थसाहेब वीस तरी मतं नक्की धरून चाललेत. तेवीस-चोवीस मतांवर निकाल लागेल म्हणतात. म्हणजे एकेक चिठ्ठी मोजायची. मी ऑफिसच्या भिंतीवर सगळ्या क्लबांची नावं लावलीत, नक्की असतील त्यांना हिरवी खूण. सॉल्टहेवनला मी पहिल्याच दिवशी केली. बरोबर ना? तू मार्चनंतर मला लिहिलंच नाहीस. पेरॉटसाहेबांना माझं पत्र दाखवलंस का?

आजोबा चांगले आहेत. काल गोलसमोर नवीन बी पेरलं. मी म्हटलं, जूनचं ठरू दे की आधी. ते म्हणाले, "गवताला जून माहीत नसतो, त्याला ऑगस्ट माहीत असतो." खोकतात खूप. पण उतरतात.

एक ओळ तरी लिही.

लोरेन

—

सॉल्टहेवन
११ मे १९७१

प्रिय लोरेन,

उशीर झाला, माफ कर. सीझनच्या शेवटी इथे कागदांचा ढीग असतो.

पेरॉटसाहेबांचं माप नऊ. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही. ते मी स्वतः बऱ्याच वेळा वाचलं.

लंडनला त्यांच्याबरोबर मी जातोय. मला योग्य वाटेल ते मी करीन, एवढंच आत्ता सांगतो. बाबा खोकतात ते रात्रीचे की दिवसाचे? रक्त पडतं का? ते बी पेरायला खाली बसले होते की कोणी मदतीला होतं? हे लिही.

क्लिफ

—

टेंटरफील्ड
८ जून १९७१

क्लिफमामा,

तू तिथेच होतास, तुला माहीत आहे. पण इथलं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

शनिवारी दुपारी आम्ही ऑफिसात फोनच्या भोवती बसलो होतो. मी, आई, मिसेस क्रॉम्प्टन मटणाची पाई घेऊन, आणि दारात आजोबा. आत या म्हटलं तर म्हणाले बूट मातीचे आहेत. फोन मीच घेतला. हॉल्ड्सवर्थसाहेब म्हणाले, "लोरेन, लिहून घे." मी लिहिलं. ब्रॉक्सफर्ड चोवीस. क्लेगवर्थ व्हिक्टोरिया तेवीस. मी म्हटलं, उलटं सांगताय का तुम्ही? मग मला ऐकू आलं की ते रडतायत.

एक, मामा. एका चिठ्ठीने. एका माणसाने ब्रॉक्सफर्डची फुली आपल्यासमोर मारली असती तर आकडे उलटे झाले असते. पन्नास वर्षं आपण लीगमध्ये होतो.

आई पाई कापायला लागली, कारण हाताला काहीतरी हवं होतं. आजोबांनी मला विचारलं, "किती?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, टोपी घातली आणि गेले. मला वाटलं घरी गेले असतील. खिडकीतून बघितलं तर दोन्ही गोलची जाळी काढत होते. घडी घातली, खोलीत ठेवली, काटा धुतला, पुसला, खिळ्यावर टांगला. किल्ल्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. म्हणाले, "लीगमध्ये आहे तोवर म्हणालो होतो."

मतदान गुप्त असतं, म्हणून आता गावात सगळे तेच करतायत. कोणी नाही दिलं? मिसेस क्रॉम्प्टन म्हणतात, त्या एका पायवाल्याने. हॉल्ड्सवर्थसाहेबांना वाटतं ज्यांना स्लीपर घट्ट झाल्या त्यांनी. मी मात्र सगळ्यांना सांगते, निदान एक मत आम्हाला पक्कं माहीत आहे. तू आमच्यासाठी जे केलंस त्यासाठी थँक यू. मला ते आधीच लिहायला हवं होतं.

तुझी,
लोरेन

—

टेंटरफील्ड
१९ जुलै १९७१

क्लिफमामा,

सहा आठवडे झाले, तुझं पत्र नाही. आईला वाटतं तुला वाईट वाटलंय. म्हणून परत लिहितेय.

डॉक्टर परवा आला होता. छाती ऐकली, पुन्हा ऐकली. म्हणाला, गेल्या दोन वर्षांत इतकी मोकळी नव्हती. आई खूश झाली. मग डॉक्टर मला बाहेर घेऊन गेला आणि विचारलं, "हे जेवतात का?"

जेवत नाहीत, मामा. दोन घास. सकाळी पाचला उठतात, सवयीने, बूट घालतात, आणि बूट घालून खुर्चीत बसून राहतात. क्लब बंद नाही झाला, आपण आता छोट्या लीगमध्ये खेळणार, १४ ऑगस्टला पहिली मॅच आहे. मी म्हटलं, चला, पेरलेलं बी वर आलंय, छान हिरवं झालंय, बघायला तरी चला. म्हणाले, "दुसऱ्याचं मैदान आहे ते आता." म्हटलं, कोणाचं? म्हणाले, "मला ओळखत नाही असं कोणाचंतरी."

कपडे सैल झालेत त्यांचे. काल मी त्यांची दाढी केली तर गाल नुसता हाडाला लागला.

एकच गोष्ट करतात. माझ्याकडून चव्वेचाळीस क्लबांची यादी मागून घेतली आणि रोज दुपारी एकेक नाव घेऊन बसतात. यांचा चेअरमन १९५८ ला आला होता, चहा गार म्हणाला होता, याने नाही दिलं. यांच्या गोलकीपरला आम्ही टाके घातले होते, त्यांनी दिलं असणार. असं. शाईच्या पेनने, हळूहळू. मी विचारलं, कळून काय करणार? ते म्हणाले, "काही नाही. पण माणसाला कोणी मारलं ते माहीत असावं."

सॉल्टहेवनसमोर त्यांनी सगळ्यात आधी खूण केली. त्यावर तर विचारच केला नाही.

तू ये ना. तू आलास तर जेवतील.

लोरेन

—

सॉल्टहेवन
२८ जुलै १९७१

लोरेन,

हे मी चार वेळा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

लंडनच्या त्या हॉटेलात जेवणाआधी चिठ्ठ्या वाटल्या. पेरॉटसाहेबांना स्टेशनवर कोणालातरी भेटायचं होतं. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. म्हणाले, "तुझं गाव आहे ना त्यात? स्लीपर छान आहेत, बायको घालते. तूच भर."

तीन फुल्या मी पटकन मारल्या. चौथीला थांबलो. तुझं मार्चचं पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं. पेरॉटांना दाखवलं नाही, पण मी ते सगळीकडे घेऊन फिरत होतो. निळे ओठ. सहा यार्ड. आणि ते वाक्य, की लीगमध्ये आहे तोवर मैदान सोडणार नाही. तू ते मला पाझर फुटावा म्हणून लिहिलंस. फुटला. मला एकच दिसलं, की तुम्ही लीगमध्ये राहिलात तर जानेवारीत कोणीतरी सकाळी आठला तिथे जाईल आणि बादलीच्या बाजूला ते असतील. आणि ते कोणीतरी तू असशील.

मी ब्रॉक्सफर्डसमोर फुली मारली.

मला वाटलं, पाच-सहा मतांनी इकडे किंवा तिकडे होईल. माझ्या एकाने काही होणार नाही, आणि मला मात्र कळेल की मी काहीतरी केलं. आकडे वाचले तेव्हा हॉल्ड्सवर्थ माझ्यापासून दोन खुर्च्यांवर होते. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, तू तरी होतास.

पत्र इथेच संपवलं असतं तर मी चांगला मुलगा ठरलो असतो. पण तुला सगळंच सांगतो. १९५३, फेब्रुवारी, कपची मॅच. तुझी आजी सकाळपासून आजारी होती. हाफटाइमला शेजारची बाई मैदानावर निरोप घेऊन आली की ती गेली. बाबांना तो निरोप मिळाला. मी खेळत होतो. पूर्ण दुसरा हाफ ते खेळाडू येतात-जातात त्या बोगद्याच्या तोंडाशी उभे होते, माझ्याकडे बघत, आणि मला सांगितलं नाही. आम्ही जिंकलो. मला लोकांनी खांद्यावर घेतलं. मी खांद्यावर असताना घरी आईला जाऊन पाऊण तास होऊन गेला होता. खाली उतरल्यावर सांगितलं. त्या उन्हाळ्यात मी क्लेगवर्थ सोडलं आणि त्यांना का ते कधी बोललो नाही.

म्हणून मी स्वतःला विचारतो, फुली मारताना मी बापाला वाचवत होतो, की त्या मैदानाला एकदाचं मारत होतो. अठरा वर्षं मला ते मैदान मेलेलं हवं होतं. लोरेन, मला खरंच माहीत नाही.

त्यांना सांगायचं असेल तर सांग. मी अडवणार नाही. मी यायला तयार आहे, पण मला त्या यादीसमोर बसवू नका.

क्लिफ

—

टेंटरफील्ड
६ ऑगस्ट १९७१

मामा,

तुझं पत्र सोमवारी आलं. मंगळवारी मी ऑफिसला गेले नाही. आईला म्हटलं डोकं दुखतंय.

तुझा राग आला हे लिहायला नको. पण नंतर मी माझ्या मार्चच्या पत्राची कच्ची प्रत काढून वाचली, मी ठेवते ना सगळं. किती छान लिहिलं होतं मी. निळे ओठ दोनदा खोडून परत लिहिले होते, कारण आधी नुसतं "चेहरा पांढरा" होतं आणि ते पुरेसं वाटलं नव्हतं. ते पत्र मी लिहिलं नसतं तर आपण आज लीगमध्ये असतो. चव्वेचाळीस क्लबांना सरळ साधी पत्रं लिहिली आणि एकच मनापासून लिहिलं, आणि तेच उलटलं.

काल दुपारी आजोबांना विचारलं. तुझं पत्र आलंय हे नाही सांगितलं. म्हटलं, वह्यांत १९५३ ची कपची मॅच सापडली, आजी त्याच दिवशी गेली ना? त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "हाफटाइमला कळलं." म्हटलं, मग मामाला का नाही सांगितलं? मॅचसाठी? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी काहीतरी घाण बोलले.

"मॅच गेली खड्ड्यात," आजोबा म्हणाले. "ती गेलीच होती. धावत घरी जाऊन तो काय करणार होता? मी त्याच्याकडे बघत होतो. त्या दिवशी तो फार छान खेळत होता, पोरी, आयुष्यात पहिल्यांदा हळू नव्हता. म्हटलं, याला आई असलेला अजून पाऊण तास मिळू दे." मग म्हणाले, "त्याला ते आवडलं नाही. मी विचारलं नाही कधी. विचारायला हवं होतं."

मामा, तुला हे कळावं म्हणून मी आज लिहायला बसले. बाकी काही लिहायचं ठरवलं नव्हतं.

पण आज सकाळी आणखी एक झालं. डॉक्टर येऊन गेला. आता आठवड्यांची गोष्ट आहे म्हणाला, महिन्यांची नाही. छाती अजून चांगलीच आहे. आजोबांनी आईला बाहेर जायला सांगितलं आणि मला जवळ बसवलं. यादी पूर्ण झाली होती. तेवीस नावांसमोर खूण. बरोबर तेवीस. इतके आठवडे खपून त्यांनी ती जुळवली होती, आणि सॉल्टहेवन त्यात सगळ्यात वर, बाकीच्यांपेक्षा जाड शाईने.

म्हणाले, "क्लिफर्डला एक पत्र टाइप कर. म्हणावं, बाकीच्यांचं मला अंदाजाने कळलं, तुझं एकट्याचं नक्की माहीत आहे. म्हणावं, तू गाव सोडलंस तेव्हा मला वाटलं होतं तू आमचा राहिला नाहीस. मी चुकलो." मग म्हणाले, "हे त्याला लिहिलंस की मला वाचून दाखव, मग मी सही करीन." त्यानंतर मामा, त्यांनी अर्धा बाउल सूप घेतलं. जूनपासून पहिल्यांदा. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

ते पत्र मी टाइप केलंय. माझ्यासमोर आहे. तुझं उत्तर येईपर्यंत, म्हणजे गुरुवारपर्यंत, मी टाळेन, मग त्यांना वाचून दाखवायचं. वाचलं आणि त्यांनी सही केली, तर ते खोट्यावर सही करून जातील, आणि ते खोटं माझ्या हातचं असेल. तेच म्हणाले होते ना, माणसाला कोणी मारलं ते माहीत असावं. आणि सांगितलं, तर गेल्या दोन महिन्यांत त्यांनी जे एक नाव विचार न करता लिहिलं, तेच खोडायला लागेल, आणि मग त्या सूपनंतर दुसरं काही ते घेतील असं मला वाटत नाही.

आईला विचारू शकत नाही. ती "ठीक आहे" म्हणेल. गुरुवारी त्यांच्यासमोर बसल्यावर मी काय करू? तुझ्या जागेवरून नको, माझ्या जागेवरून सांग. तुला काय वाटतं?

लोरेन